ताईत: दंडावर बांधायच्या यंत्राच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, देवगड तालुका

वही नवी, पहिलं पान तात्यांचं.

गेल्या मे महिन्यात दुपारी साडेबाराला आमच्या आंब्याच्या बागेत काम करणारे तात्या डोक्यावरचा क्रेट खाली ठेवून कातळावर बसले. दमले असतील असं वाटून कुणी लक्ष दिलं नाही. पाणी हवं का विचारलं तर भलतंच बोलू लागले, वारलेल्या भावाला हाका मारू लागले. तेव्हा कुठे सगळे धावले. अंगावर पाणी ओतलं, कलमाच्या सावलीत निजवलं, मग टेंपोतून दवाखाना. चार दिवसांनी घरी आले आणि पाचव्या दिवशी परत बागेत.

पुण्यात सात वर्षं मी दुसऱ्यांच्या यंत्रांचे सर्किट बोर्ड काढले. आता गावी आहे, सोल्डरिंगचं सामान पडवीत मांडलंय, तोडणीला महिना-दीड महिना आहे. करायचंय ते असं: अंगावर बांधता येईल असं काहीतरी लहान, जे माणूस तापतोय हे तो बरळायला लागण्याच्या आत सांगेल. खर्च नगामागे हजाराच्या खाली. बाबांना अजून बोलले नाही.

९ फेब्रुवारी

आधी विकतचं तपासलं, उगीच चाकाचा शोध नको. दोन स्वस्त मनगटी घड्याळं मागवली. दोन्ही मागून हिरवा उजेड टाकतात. रक्त हिरवा उजेड चांगला शोषतं, ठोक्यागणिक कातडीतलं रक्त किंचित कमी-जास्त होतं आणि परत येणारा उजेडही तसाच हलतो. तेवढ्यावरून नाडी मोजायची.

बसलेल्या माणसाची नाडी दोघांनी ठीक दाखवली. मग एक घड्याळ केळ्याला बांधलं. नाडी ७८. केळ्याची तब्येत उत्तम आहे.

खरी अडचण मनगटाचीच आहे. झेल्याची काठी दोन्ही हातांनी धरून वर ताणायची, आंबा झेल्याच्या जाळीत घेऊन देठासकट ओढायचा, काठी खाली आणायची. मनगटातल्या शिरा आणि स्नायूबंध सतत हलतात, घड्याळाला तेच ठोके वाटतात. शिवाय पट्टा फांदीत अडकतो. झाडावर असताना हात अडकणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मनगट बाद.

१५ फेब्रुवारी

सामान आलं. मॅक्स ३०१०२ सेन्सर: ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८८० चा अवरक्त असे दोन एलईडी, शेजारी परत येणारा उजेड मोजणारा फोटोडायोड, सगळं नखाएवढ्या चिपमध्ये. एनआरएफ ५२८३२ कंट्रोलर. हालचाल ओळखायला एलआयएस ३ डीएच अ‍ॅक्सिलरोमीटर. कातडीचं तापमान मोजायला मॅक्स ३०२०५. दीडशे मिलिअँप-तासाचा लिथियम सेल.

पहिला दिवस वाया. सेन्सर उत्तरच देईना. दोन तास कोड चाचपला, दोष निघाला सेन्सरच्या पाटीत, म्हणजे सर्किट बोर्डात. हाती आलेल्या मॉड्यूलवर डेटाच्या तारांना ‘हाय’वर ओढून धरणारे पुल-अप रेझिस्टर १.८ व्होल्टला जोडलेले. कंट्रोलर चालतो ३.३ वर आणि ‘हाय’ मानायला त्याला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे २.३ व्होल्ट लागतात. सेन्सर बिचारा बोलत होता, याला ऐकू येत नव्हतं. ट्रेस, म्हणजे पाटीवरची तांब्याची रेघ, कापला, बाहेरून ३.३ ला नवे रेझिस्टर लावले, पहिल्या झटक्यात बोलला.

सगळं मिळून वजन ११ ग्रॅम. १९४७ साली अमेरिकेतल्या नॉर्मन हॉल्टरने चालत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पाठवला तेव्हा पाठीवरचं यंत्र ३८ किलोंचं होतं. म्हणजे आंब्याचे दीड-दोन क्रेट. आमच्या माणसांना तेही चाललं असतं म्हणा.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कुणकेश्वरच्या जत्रेला गेले. गर्दीत काळे दोरे, ताईत, कडी विकणारा बसला होता. त्याच्यापुढे उकिडव्या बसलेल्या माणसांकडे बघत राहिले. प्रत्येकाने शर्टाची बाही वर सारली आणि दंड पुढे केला.

दंड! आमच्या बागेतल्या निम्म्या गड्यांच्या दंडावर काळ्या दोऱ्यात काहीतरी बांधलेलं असतंच, वर्षानुवर्षं असतं. झाडावर चढताना ते अडकत नाही, काठी ओढताना आड येत नाही, आंघोळीलाही कुणी काढत नाही. अंगावर जागा शोधत मी महिनाभर फिरले आणि ती जागा आजीच्या आजीला ठाऊक होती.

दोरा पाच रुपयांना घेतला. खर्चात मांडलाय.

४ मार्च

दंडावर आतल्या बाजूला सेन्सर. बसून बघितलं तर नाडीची लाट सुरेख येते, बोटावरच्यापेक्षा लहान, पण येते. पट्टा सैल असला तर बाजूचं ऊन आत शिरतं, फार आवळला तर रक्तच दाबलं जातं आणि लाट सपाट. दोन बोटं शिरतील इतका, हे प्रमाण बरोबर निघालं. (झंपराच्या बाहीला आमची शिंपीण हेच माप घेते.)

दाजूच्या दंडावर लाट माझ्या निम्मीच. दाजू आमचा राखणदार, नेपाळचा, अकरा वर्षं इथल्या उन्हात. करपलेली कातडी उजेड जास्त खाते, हिरवा तर फारच. म्हणून मी फक्त अवरक्त वापरतेय, त्याचा करंट ज्याच्या त्याच्या कातडीप्रमाणे यंत्र स्वतःच वाढवतं. आता दाजूची लाटही नीट दिसते.

ऑक्सिजनही दाखवावा असा मोह होता, सेन्सरमध्ये लाल दिवा आहेच. लाल आणि अवरक्त लाटांचं गुणोत्तर काढायचं आणि ११० मधून त्याच्या २५ पट वजा करायचे, हे सूत्र सगळीकडे फिरतंय. गुणोत्तर ०.५ आलं तर साडेसत्त्याण्णव टक्के, १ आलं तर ८५. पण ते ढोबळ सूत्र बोटावरच्या मोजणीचं, दंडावरून परत येणाऱ्या उजेडाला ते लागू पडेल याचा काही आधार नाही. आणि दवाखान्यातली मान्यताप्राप्त यंत्रंही इथे चुकतात: २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास छापून आला. ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवतोय, पण रक्ततपासणीत ऑक्सिजन धोक्याइतका कमी, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. मग पडवीत बसून मी दाजूला ‘९७’ कुठल्या तोंडाने सांगू? सेन्सरमधला लाल दिवा कायमचा बंद.

११ मार्च

हालचालीने हैराण केलंय. काठी चालू असताना लाटेचा पत्ता नाही, नुसता चिखल. गाळण्या लावल्या, अ‍ॅक्सिलरोमीटरचा सिग्नल वजा करून पाहिला. झेल्याची ओढ मिनिटाला साधारण ठोक्यांच्याच गतीने होते, त्यामुळे वजा करताना नाडीही पुसली जाते.

रात्री ताकुओ आओयागींची गोष्ट आठवली. १९७२ च्या सुमारास हा जपानी इंजिनिअर रक्तात रंग सोडून हृदयाची क्षमता मोजायची पद्धत सुधारत होता. कानातून येणाऱ्या उजेडाच्या सिग्नलमध्ये नाडीची थरथर मिसळून त्याला त्रास देत होती. ती घालवता घालवता त्याच्या लक्षात आलं की या थरथरीतूनच धमनीतला ऑक्सिजन मोजता येतो. आजचे सगळे ऑक्सिमीटर त्यातून आले.

माझी अडचण उलटी. काम चालू असताना नाडी मोजायलाच हवी, असं मला कुणी सांगितलंय?

कारखान्यांतल्या उष्णतेवर काम करणाऱ्यांनी हे कधीच सोडवून ठेवलंय. हार्वर्ड स्टेप टेस्टवाला (पायरीवर चढ-उतार करवून हृदयाची क्षमता तपासणारा) ल्यूसियन ब्रूहा माणूस काम थांबवून बसल्यावर नाडी मोजायचा. पहिल्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या भागात एकदा, तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या भागात पुन्हा. तिसऱ्या मिनिटाला नाडी नव्वदच्या खाली आली तर ठीक. नव्वदच्या वरच राहिली आणि दोन मोजण्यांत दहाचाही फरक पडला नाही, तर शरीर सावरत नाहीये. उष्णता आत साठतेय.

म्हणजे माणूस चढतोय, ओढतोय, वाहतोय तोवर यंत्र झोपेल. दंड स्थिर झाला की जागं होईल, तीन मिनिटं मोजेल, निकाल देऊन परत झोपेल. आवाज गाळायची भानगडच नाही. एका वाक्याने तीन आठवड्यांचा कोड कचऱ्यात गेला, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

१४ मार्च

शिमगा. काम नाही.

२० मार्च

बॅटरी. चार्जिंगसाठी टीपी ४०५६ ची नेहमीची पाटी. ती जशी येते तशी एक अँपियरने चार्ज करते. माझा सेल दीडशे मिलिअँप-तासाचा, त्याला हे म्हणजे तान्ह्या बाळाला पंगतीतलं जेवण. एक सेल फुगला, परसात वाळूत नेऊन ठेवला. पाटीवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावला की करंट १३० मिलिअँपवर येतो. डेटाशीटमध्ये लिहिलेलं आहे, मीच वाचलं नव्हतं.

हिशोब: झोपेत सगळं मिळून दहा-बारा मायक्रोअँप. दिवसाला बारा वेळा बसणं धरलं तर सहा-सात मिलिअँप-तास. तीन आठवडे चार्जिंग नको. लाईट जाणाऱ्या गावात हे फार मोलाचं आहे.

कातडीच्या तापमानाचा सेन्सर निरुपयोगी ठरला. चिप उत्तम आहे, ३७ ते ३९ अंशांत ०.१ इतकी अचूक. पण दंडाला वारा लागला की ३३, पट्ट्यावर ऊन आलं की ३६. शरीराच्या आत काय चाललंय ते यातून कळत नाही. काढून टाकला, चारशे रुपये वाचले.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी, दुपारी तात्यांच्या दंडावर पहिला नग.

“ह्यो कसलो ताईत गो? भटान दिल्यान काय डागतरान?”

मी दिला म्हटलं. मग हरकत नाही म्हणाले. यंत्राचं नाव तिथेच पडलं. माझ्या वहीत ते आतापर्यंत ‘उष्माभार-सूचक’ होतं, जे मलाही म्हणवत नव्हतं.

बाबांना आता सांगावंच लागलं. ते बराच वेळ नग उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, “किती करणार आहेस? सहा कर.”

५ एप्रिल

सहापैकी दोन बंद. उघडून बघते तर तांब्याच्या ट्रेसवर हिरवा कळंक. घाम म्हटलं, मीठ म्हटलं, खारी हवा म्हटलं. पण चार दिवसांत? नाकाला लावल्यावर उलगडलं: व्हिनेगरचा वास. पाणी शिरू नये म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातलं नळी-खिडकीचं सिलिकॉन भरलं होतं. ते वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं. घामापासून वाचवायला तांब्यावर मीच आंबट ओतलं. कल्हई न केलेल्या भांड्यात ताक ठेवू नये हे आई मला सहावीपासून सांगतेय.

वाळताना अ‍ॅसिड न सोडणारं न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागवलं. पाटीवर आधी कोटिंगचे दोन हात.

आंब्याच्या चिकाचा बंदोबस्त वेगळा. देठ तुटला की चीक उडतो, कातडी भाजते तसा तो पट्ट्यालाही खातो. विणलेली नाडी टिकेना. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी टिकली.

१२ एप्रिल

आज हवामान. दोन साधे थर्मामीटर घेतले. एकाच्या फुग्याला समईची वात गुंडाळली, वात ओली केली आणि दोरीला बांधून गोफणीसारखे फिरवले. (शेजारच्या काकी कुंपणापाशी थांबून बघत होत्या. काही विचारलं नाही, ते जास्त वाईट.) कोरडा ३३, ओला साडेअठ्ठावीस. म्हणजे आर्द्रता सत्तरच्या आसपास.

नागपूरच्या मावशीचा फोन असतो, “आमच्याकडे चव्वेचाळीस, तुमचं काय, समुद्रकाठी मजा.” मावशीच्या ४४ अंशांत आर्द्रता पंधरा टक्के धरली तर ओल्या थर्मामीटरवर जेमतेम २३ येतात. घामाच्या दृष्टीने आमचे ३३ तिच्या ४४ पेक्षा पाच अंशांनी वाईट. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नाकाच्या शेंड्यावरून जमिनीवर ठिबकला तर काहीच नेत नाही. आणि आमच्याकडे तो ठिबकतो. ओला थर्मामीटर ३५ वर गेला की निरोगी माणूसही सावलीत बसून स्वतःला थंड ठेवू शकत नाही, अशी ती सैद्धांतिक मर्यादा. राबणाऱ्याची हद्द त्याच्या बरीच आधी येते.

आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट आणि आंबट राहतो. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागल्याने तो वाढतो, म्हणून कलमाखाली गवताचं आच्छादन घालायचं, तोडणी उन्हं चढायच्या आत उरकायची, तोडलेला आंबा लगेच सावलीत घ्यायचा. हे सगळे बागायतदार जाणतात आणि पाळतात. फळ दहा वाजता सावलीत जातं. मग तेच फळ डोक्यावर घेऊन माणूस बारा वाजता कातळ तुडवत रस्त्यावरच्या टेंपोपर्यंत जातो.

१८ एप्रिल

सूचना कशी द्यायची, यात दोनदा चुकले.

आधी थरथरणारी मोटर लावली. बसल्यावरच वाजते, म्हणून धोका नाही असं धरून चालले. एक गडी फांदीवरच टेकून बसला होता. दंडावर अचानक काहीतरी वळवळल्यावर त्याने जो हात झटकला! पडला नाही, देवाची कृपा. सगळ्या मोटरी त्याच संध्याकाळी उखडल्या.

मग आतल्या बाजूला, ज्याचं त्याला दिसेल असा दिवा. तो कुणी बघेचना. माझ्याच पहिल्या पानावर उत्तर होतं: तात्यांना आपण बरळतोय हे कळत नव्हतं. उष्माघातात डोकंच पहिलं दगा देतं. ज्याला इशारा द्यायचा त्याचीच अक्कल तेव्हा जाग्यावर नसते. दिवा आता दंडाच्या बाहेरच्या बाजूला, समोर बसलेल्याला दिसेल असा. हिरवा म्हणजे सावरतोय. पिवळा म्हणजे पहिल्याच मिनिटाला नाडी ११० च्या वर, पुढची पाळी एक तृतीयांशाने कमी. लाल म्हणजे उठायचं नाही, पाणी, सावली, आणि कुणीतरी जवळ.

लगेच आणखी एक गंमत. तिघांचा दिवा काही केल्या हिरवा होईना. तिघेही बसल्या बसल्या बिडी पेटवतात. निकोटिनने नाडी चढते, तिसऱ्या मिनिटाला नव्वदच्या वरच. बिडी सोडा म्हणायची माझी छाती नाही. “दिवा हिरवा झाला की पेटवा,” एवढं ठरलं. आता तिघे एकमेकांच्या दंडाकडे टक लावून बसतात. इतका चोख पहारा मला मागूनही मिळाला नसता.

तात्यांचा दिवा मात्र पहिल्या दिवसापासून हिरवा. वय ६१, पण पंचविशीच्या पोरांपेक्षा लवकर सावरतात. माणूस काटक.

२४ एप्रिल

बाबांशी वाजलं.

त्यांचं म्हणणं: कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आहे, तर प्रत्येकाची नाडी माझ्या फोनवर का येत नाही? बाग माझी, जबाबदारी माझी, गेल्या वर्षी दवाखान्यात मी धावलो. यातलं काहीही खोटं नाही.

पण आदल्या दिवशी दाजूने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “ताई, लाल झाला तर हजेरी कटेगी?” आणि दोघांनी बाही ओढून दिवा झाकायला सुरुवात केलीये, ते मी पाहिलंय. फोनवर आकडे आले की पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, याची यादी आपोआप तयार होते. बाबा करणार नाहीत. पण हेच यंत्र उद्या शेजारच्या बागेत गेलं तर?

शरीराचे आकडे ज्याचे त्याचे, असं २०२३ च्या विदा-संरक्षण कायद्याचं नाव घेऊन मी सांगायला गेले. बाबा म्हणाले, “कायदा मला नको सांगू. मला एवढं सांग, माणूस पडला तर मला कळणार कसं?”

मला उत्तर सुचलं नाही. रात्री आईने दिलं: “एकाचा लाल झाला की सगळ्यांनीच बसायचं. मग कुणाचा झाला हे विचारायची गरजच काय?”

ब्लूटूथ कोडमधून काढून टाकला. शेवटच्या मोजणीपलीकडे यंत्र काहीही साठवत नाही. एक लाल म्हणजे सगळ्या टोळीला पंधरा मिनिटं सुट्टी, हजेरी पूर्ण. बाबांनी हो म्हटलं, तोंड वाकडं करून.

३ मे

अक्षय्य तृतीयेचा माल वेळेवर गेला, आता कॅनिंगच्या मालाची घाई. दुपारी पावणेबाराला दाजू रस्त्यावर दुसरी खेप टाकून परत आला, बसला. दिवा लाल. त्याच्या समोर बिडीवाल्यांपैकी एकजण बसला होता, त्याने आरडाओरडा केला. मी बोटांनी मनगटावरची नाडी मोजली: १०८. यंत्रात पहिली ११४, तिसरी १०९. दाजू म्हणत होता काही नाही झालं. सकाळपासून पाण्याचा तांब्या किती वेळा घेतला विचारलं, तर एकदा. लघवीला गेला नव्हता.

कलमाखाली झोपवला, अंग ओलं करून वारा घातला. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चाळीस मिनिटांनी नाडी ८६. पडला असता का? सांगता येणार नाही, आणि मी तसं कुणाला सांगणारही नाही.

बाबा हे सगळं उभे राहून बघत होते. संध्याकाळी त्यांनी टेंपोवाल्याला फोन केला: उद्यापासून गाडी चारनंतर लाव. अकरा ते चार वाहतूक बंद. सगळ्या हंगामात माणसांच्या अंगावरचं सर्वांत जास्त ऊन या एका फोनने कमी केलं. यात इलेक्ट्रॉनिक्सचा भाग किती, ते मोजायला माझ्याकडे सेन्सर नाही.

१० मे

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना नग नेऊन दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “बांधणाऱ्यांपैकी कोण कोण गोळ्या घेतं?”

मला माहीत नव्हतं. सहा माणसं, सहा आठवडे, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

संध्याकाळी घरोघर फिरले. तात्यांनी फळीवरची पट्टी काढून दिली: अ‍ॅटेनोलॉल. ब्लडप्रेशरसाठी, तीन वर्षांपासून. बीटा ब्लॉकर. हृदयाला धावूच देत नाही. अंग भट्टी झालं तरी नाडी शंभरी गाठणार नाही आणि माझं यंत्र हिरवं हसत राहील. वर ही औषधं उष्णता सोसायची ताकदही कमी करतात. गेल्या मे महिन्यातही ते हीच गोळी घेत होते.

ज्या माणसासाठी पहिलं पान लिहिलं, त्या एकट्याच माणसाला हे यंत्र खोटं सांगत होतं. १८ एप्रिलच्या नोंदीत मी ‘काटक’ लिहिलंय. खोडत नाही, राहू दे.

डॉक्टरांचं दुसरं सांगणं: हे कुणाला विकू नकोस. रोग ओळखतो असं म्हटलं की वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम लागतात, परवाना लागतो, चाचण्या लागतात. आणि लागायलाच हव्यात, असं आजच्या दिवसानंतर मलाही वाटतं. गोळ्या मात्र तात्यांनी स्वतःहून बंद करायच्या नाहीत, पुढच्या तपासणीला डॉक्टर बघतील.

११ मे

तात्यांना समजावून सांगितलं. तुमचा दिवा खोटा आहे, आजपासून तुम्ही क्रेट उचलायचा नाही, आढी लावायला पेंढ्यात बसायचं. वाईट वाटून घेतील अशी भीती होती. त्यांनी दंडाकडे बघितलं.

“बरा. पण काढू नको.”

यंत्र बंद केलं, पट्टा तसाच ठेवला.

१६ मे

तात्या आढीत बसत नाहीत. टोळीच्या विश्रांतीला बरोबर येऊन उभे राहतात आणि प्रत्येकाच्या बाह्या वर करायला लावतात. बाही झाकून बसणाऱ्या दोघांना त्यांनी दिलेल्या शिव्या वहीत लिहिण्यासारख्या नाहीत. मी म्हटलं, तात्या, तुम्ही आराम करा.

“माझो बंद हा तर बंद रवांदे. दुसऱ्यांचो बघूक माझे डोळे आसत मां.”

आज एक पिवळा, लाल नाही.

२१ मे

कालपासून धो धो. वळीव म्हणावा तर थांबायचं नाव नाही, समुद्रात कमी दाबाचा पट्टा. झाडावरचा उरला माल गेला. बाबा पडवीत बसून पावसाकडे बघताहेत, त्यांच्याशी आज यंत्राबद्दल बोलायचं नाही.

२६ मे

२४ तारखेला ते वादळी क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर चढलं आणि काल हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात! हंगाम संपला.

परत आलेले पाच नग पडवीत उघडले. न्यूट्रल सिलिकॉनचे चारही आतून कोरडे. एकाच्या चार्जिंगच्या खाचेत मीठ आणि चीक मिळून दगड झालाय. पुढच्या खेपेला खाच नको, बाहेर दोन सोन्याचा मुलामा दिलेले ठिपके पुरेत. ट्यूबची पट्टी दोघांच्या कातडीला चावली, पुरळ आली, आतून सुती अस्तर लावून बघायचं. एकाचा अवरक्त एलईडी मंद झालाय, कारण शोधायचंय.

बांधण्याआधी विचारायची चिठ्ठी लिहिली: कुठल्या गोळ्या, रात्री झोप झाली का, ताप, जुलाब, काल दारू. पाचही प्रश्न कागदावरचे, पैसे शून्य.

बीटा ब्लॉकरवाल्या माणसाला काय मोजायचं, ते अजून सुटलेलं नाही. घाम किती गेला यावरून काही करता येईल का बघते. सकाळी आणि दुपारी काट्यावर वजन करायचं, आंब्याचा काटा आहेच.

तात्यांचा नग परत आलेला नाही. त्यांच्या घरी मागायला गेले तर काकी म्हणाल्या, ते आंघोळीलाही काढत नाहीत.